फोनवर पाळत आहे असं वाटतंय? इथून सुरुवात करा

आमच्या बिल्डिंगमधले एक काका एका रविवारी सकाळी फोन घेऊन दारात उभे. "अगं, माझा फोन टॅप होतोय. बॅटरी बघ कशी उतरते, आणि बोलताना मधेच खरखर येते." काका निवृत्त, सोसायटीच्या कमिटीवर, पुनर्विकासाच्या भांडणात एका गटाचे. संशय अर्थातच बिल्डरवर. पेगॅसस या इस्रायली हेरगिरीच्या सॉफ्टवेअरवरचे दोन-तीन व्हिडिओ बघून झालेले.

मी त्यांचं व्हॉट्सॲप उघडलं, वरचे तीन टिंब दाबले आणि 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये गेले. तिथे एक ओळ होती: गूगल क्रोम, विंडोज, शेवटचा वापर आज सकाळी. काकांच्या घरी कॉम्प्युटरच नाही. बराच वेळ डोकं खाजवल्यावर त्यांना आठवलं की दीड महिन्यापूर्वी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात एक प्रिंट काढायला गेले होते. दुकानातला मुलगा म्हणाला, "काका, हा क्यूआर स्कॅन करा, लगेच देतो." काकांनी स्कॅन केला, प्रिंट घेतली, दहा रुपये दिले आणि घरी आले. लॉगआउट कुणीच केलं नाही. दीड महिना त्यांचं सगळं व्हॉट्सॲप, कमिटीच्या ग्रुपसकट, त्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर उघडं होतं. कुणी वाचलं का, देव जाणे. वाचायचं असतं तर अडवणारं काही नव्हतं एवढं खरं.

मी एका कंपनीत आयटी सपोर्ट बघते. लोक माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेकदा आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असतो. भीती इस्रायली सॉफ्टवेअरची, आणि फोनचा पिन नवऱ्याला, भाच्याला, शेजारच्या डेस्कवरच्याला आणि मोबाइल दुरुस्तीवाल्याला तोंडपाठ. म्हणून हा लेख उलट्या टोकाने सुरू करते: आधी जवळची माणसं, मग ऑफिस, आणि सरकार व हेर सगळ्यात शेवटी.

पायरी १: कागदावर लिहा, कुणापासून?

एक कागद घ्या. फोनमध्ये नोट करू नका. फोनच तर संशयित आहे. त्यावर लिहा: माझ्याबद्दल नेमकं काय कळलं तर माझं नुकसान होईल, आणि ते कळून घेण्यात कुणाला रस आहे? घटस्फोटाच्या वाटेवर असलेल्या बाईचं उत्तर 'मी कुठे जाते, वकिलाशी काय बोलते' असं असेल आणि रस असणारा घरातच असेल. नोकरी बदलू बघणाऱ्याला बॉसपासून मुलाखतीचा मेल लपवायचा असेल. छोटा कारखानदार असेल तर त्याची गिऱ्हाइकांची यादी आणि दर, आणि रस नुकत्याच सोडून गेलेल्या सेल्समनला. शोधपत्रकार किंवा वकील असाल तर उत्तर आणखी वेगळं.

हे केल्याशिवाय पुढे जाऊ नका. सगळ्यांपासून सगळं लपवायला निघालेला माणूस आठवड्याभरात कंटाळतो आणि पुन्हा १२३४ पिन ठेवतो.

एक सावधगिरी इथेच सांगते, कारण पुढच्या पायऱ्या करताना ती उशिरा कळून उपयोग नाही. पाळत ठेवणारा घरातलाच आणि हिंसक असेल, तर त्याचं ॲप सापडताच काढून टाकू नका. काढलं की त्याला लगेच कळतं. आधी दुसऱ्या, सुरक्षित फोनवरून मैत्रिणीशी, वकिलाशी किंवा १८१ या महिला हेल्पलाइनवर बोला, राहायची सोय ठरवा, मग फोनला हात लावा.

पायरी २: फोनची तपासणी

चहा होईपर्यंत निम्मं काम उरकतं. प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये मेनूची नावं थोडी वेगळी असतात. सापडलं नाही तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत शब्द टाका.

व्हॉट्सॲपमधलं लिंक्ड डिव्हाइसेस वर आलंच. अनोळखी दिसेल ते दाबून लॉगआउट करा. मुख्य फोनसोबत चार उपकरणं जोडता येतात, म्हणजे डोकावायला चार खिडक्या. व्हॉट्सॲपच्याच सेटिंग्जमध्ये, अकाउंटमध्ये, 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन'चा सहा आकडी पिन लावून टाका, म्हणजे नुसता ओटीपी हाती लागून कुणाला तुमचं खातं दुसऱ्या फोनवर उभं करता येणार नाही.

मग गूगल खातं. सेटिंग्जमध्ये गूगल, तिथून सिक्युरिटी, तिथे 'युअर डिव्हाइसेस'. जुना विकलेला फोन, मागच्या नोकरीतला लॅपटॉप, गावी भावाकडे दिलेला टॅब, हे सगळे तिथे अजून ठाण मांडून बसलेले असतात. तुमचा गूगल पासवर्ड ज्याला माहीत आहे त्याला तुमचे फोटो, मेल, सेव्ह केलेले पासवर्ड आणि फोन आत्ता कुठे आहे हे सगळं घरबसल्या दिसू शकतं. वेगळं हेरगिरीचं ॲप कशाला घालायचं?

जीमेलमध्ये एक जागा अशी आहे की ती कुणी बघतच नाही. कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये जीमेल उघडा, सेटिंग्जमध्ये 'फॉरवर्डिंग' आणि 'फिल्टर्स' बघा. तुमचा प्रत्येक मेल गुपचूप दुसऱ्या पत्त्यावर जाईल असा नियम तिथे कुणी घालून ठेवला असेल, तर पासवर्ड बदलूनही तो चालू राहतो. फोनच्या ॲपमध्ये हे दिसत नाही, म्हणून राहून जातं. हिशेब बघणाऱ्या माणसाच्या मेलबॉक्समध्ये असा नियम घालायचा आणि बिल निघायच्या वेळी बँकेचा खाते क्रमांक बदललेला खोटा मेल पाठवायचा, ही व्यापारी फसवणुकीची जुनी आणि चालणारी युक्ती आहे.

गूगल मॅप्समध्ये स्वतःच्या फोटोवर दाबून 'लोकेशन शेअरिंग' बघा. सहलीच्या वेळी चालू केलेलं तसंच राहिलेलं असतं.

आता खरी हेरगिरीची ॲप. ही 'सिस्टिम सर्व्हिस', 'वायफाय हेल्पर' अशा सोज्वळ नावाने बसतात आणि आयकॉन लपवतात. पण काम करायला त्यांना मोठ्या परवानग्या लागतात, आणि तिथेच ती पकडली जातात. अँड्रॉइडवर तीन जागा बघा: 'ॲक्सेसिबिलिटी'मध्ये डाउनलोड केलेली ॲप, 'डिव्हाइस ॲडमिन ॲप्स', आणि 'नोटिफिकेशन ॲक्सेस'. स्क्रीनवरचं सगळं वाचण्याची परवानगी ॲक्सेसिबिलिटीतून मिळते, त्यामुळे तिथे तुम्ही न दिलेलं नाव दिसलं तर ती धोक्याची घंटा. प्ले स्टोअर उघडून 'प्ले प्रोटेक्ट', म्हणजे धोकादायक ॲप शोधणारी गूगलची तपासणी, चालू आहे का तेही बघा. असं ॲप घालणारा ते पहिलं बंद करतो. आयफोनवर आयओएस १६ पासून 'सेफ्टी चेक' आहे. तुम्ही कुणाला काय दाखवताय ते एका जागी दिसतं आणि तिथूनच बंद करता येतं.

अँड्रॉइड १२ पासून कॅमेरा किंवा माइक चालू असला की वरच्या कोपऱ्यात हिरवी खूण येते. आयफोनवर माइकला नारिंगी ठिपका, कॅमेऱ्याला हिरवा. तुम्ही काही करत नसताना ती खूण दिसली तर कुठलं ॲप ते बघा.

आणि ते *#२१# प्रकरण. 'हा नंबर दाबा, फोन टॅप होतोय का कळेल' असा मेसेज दर दोन महिन्यांनी फिरतो. त्या कोडने एवढंच कळतं की तुमचे कॉल दुसऱ्या नंबरवर वळवलेत का. ते तपासणं चांगलंच, पण फोनच्या कॉल सेटिंगमध्ये 'कॉल फॉरवर्डिंग'मध्ये जाऊन तपासा. कुणी फोन करून *४०१* ने सुरू होणारा आकडा दाबायला सांगितला, की कुरिअरवाला आहे, की सिम बंद पडणार आहे, तर दाबू नका. त्यातून तुमचे कॉल, आणि कॉलवर येणारे ओटीपी, त्याच्याकडे वळतात. हा प्रकार इतका वाढला की दूरसंचार विभागाने कंपन्यांना १५ एप्रिल २०२४ पासून कोड दाबून होणारं कॉल फॉरवर्डिंग बंद करायला सांगितलं होतं.

काकांची बॅटरी? चार वर्षांची होती. खरखर त्यांच्या जिन्यातल्या रेंजची.

पायरी ३: किल्ल्या बदला

सहा आकडी पिन, तोही जन्मतारखेचा किंवा गाडीच्या नंबरचा नको. मग फिंगरप्रिंटच्या यादीत किती बोटं आहेत ते मोजा. मी एकीच्या फोनमध्ये पाच बोटं बघितलीत. तिची स्वतःची दोन. उरलेल्या तिघांची चौकशी मी केली नाही.

पासवर्ड बदलायचे ते सगळ्यात आधी मेलचा, कारण बाकी सगळ्यांचे 'फॉरगॉट पासवर्ड' तिथेच येतात. आणि बदलायचे ते स्वच्छ फोनवरून. ज्या फोनवर संशय आहे त्यावरच नवा पासवर्ड टाइप केला तर तो तसाच पलीकडे पोचतो.

दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं. महाराष्ट्रात एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त नऊ. ओळखीचं नसलेलं सिम दिसलं तर तिथेच 'माझं नाही' असं कळवता येतं.

पायरी ४: झेरॉक्सचं दुकान

यावर मी मुद्दाम रेंगाळते. माणूस बँकेचा पासवर्ड बायकोला सांगत नाही, पण आधार, पॅन, पगाराची स्लिप आणि मुलाचा जन्मदाखला अनोळखी कॉम्प्युटरवर सोडून येतो. एखाद्या दुकानातल्या त्या कॉम्प्युटरचं 'डाउनलोड्स' फोल्डर उघडून बघा. आधार-१, आधार-२, आधार-४७. गल्लीतल्या निम्म्या घरांची कुंडली तिथे पडलेली असते, आणि त्या कॉम्प्युटरला पासवर्ड नसतो.

उपाय साधे. व्हॉट्सॲप त्या कॉम्प्युटरवर जोडू नका. फाइल पेन ड्राइव्हवर न्या. पेन ड्राइव्हवर दुसरं काही ठेवू नका, कारण तिथून व्हायरसही येतो, आणि घरी आल्यावर तो फॉरमॅट करा. मेल पाठवावाच लागला तर प्रिंट झाल्यावर समोर उभं राहून फाइल पुसायला सांगा, 'रिसायकल बिन'मधूनही. दुकानदार जरा नाराज होतो, होऊ द्या.

आधारची प्रत मागितली की 'मास्क्ड आधार' द्या. आधारच्या वेबसाइटवरून उतरवून घेता येतं आणि त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. बोटांचे ठसे ॲपमधून लॉक करून ठेवा, लागतील तेव्हा उघडा. कागदी प्रतीवर आडवी रेघ मारून कशासाठी आणि कोणत्या तारखेला दिली ते लिहायची आपल्या वडिलांची सवय अजूनही कामाची आहे.

पायरी ५: ऑफिस

इथे मी दुसऱ्या बाजूने बोलते, कारण कंपनीच्या वतीने बघणारी मीच आहे.

कंपनीचा लॅपटॉप कंपनीचा आहे, असं धरून चाला. कुठल्या साइटवर गेलात ते दिसतं. अनेक कंपन्या लॅपटॉपवर स्वतःचं सर्टिफिकेट घालतात, त्यामुळे पत्त्यापुढे कुलूप दिसत असलं तरी मधल्या मध्ये मजकूरही उघडता येतो. कुठली फाइल पेन ड्राइव्हवर गेली, रात्री अकरा वाजता कुणी गिऱ्हाइकांची यादी स्वतःच्या जीमेलला पाठवली, याचे इशारे येतात. काही ठिकाणी ठरावीक वेळाने स्क्रीनचे फोटो घेतले जातात. त्यामुळे व्हॉट्सॲपचं एंड-टू-एंड एन्क्रिप्शन ऑफिसच्या लॅपटॉपवर फारसं कामाचं नाही. मेसेज वाटेत बंद पाकिटात असतो, पण तुमच्या स्क्रीनवर तो उघडाच असतो. 'इनकॉग्निटो'ने फक्त त्या ब्राउझरमधला इतिहास राहत नाही. कंपनीच्या नेटवर्कपासून तो काही लपवत नाही. हे मी वर्षातून वीसदा सांगते.

स्वतःचा फोन ऑफिसच्या वायफायवर असेल तर कुठल्या साइटशी जोडला गेला ते साधारण कळतं, मेसेज वाचता येत नाहीत. फोनमध्ये कंपनीचा मेल घेताना मात्र थांबा आणि स्क्रीनवर काय विचारतायत ते वाचा. अँड्रॉइडवर 'वर्क प्रोफाइल' तयार होत असेल, ॲपवर छोटी ब्रीफकेस दिसत असेल, तर कंपनीचा हात त्या कप्प्यापुरता. पूर्ण फोनचं 'डिव्हाइस ॲडमिन' मागत असतील तर नोकरी सुटल्यावर सगळा फोन दुरून पुसण्याची सत्ता तुम्ही देताय. अशा वेळी वेगळा जुना फोन मागा किंवा वापरा.

माझे नियम असे. ऑफिसच्या क्रोममध्ये स्वतःचं गूगल खातं जोडायचं नाही, नाहीतर घरचे सगळे पासवर्ड तिथे येऊन बसतात. नोकरीचा अर्ज, डॉक्टरचा रिपोर्ट, वकिलाचा मेल, सगळं स्वतःच्या फोनवर आणि स्वतःच्या डेटावर. जागेवरून उठताना कीबोर्डवरची विंडोज आणि एल ही बटणं एकत्र दाबून स्क्रीन लॉक करायची. ऑफिसमधली सगळ्यात स्वस्त हेरगिरी म्हणजे उघडी स्क्रीन आणि प्रिंटरवर पडून राहिलेला पगाराचा कागद.

कायदा काय म्हणतो? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. पण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यातल्या कलम ७ ने मालकाला नोकरीच्या कामासाठी, आणि कॉर्पोरेट हेरगिरीसारखं नुकसान टाळण्यासाठी, कर्मचाऱ्याची माहिती संमतीशिवायही वापरायची मुभा दिली आहे. हेरगिरी हा शब्द कलमातच आहे. त्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांना १८ महिन्यांची मुदत मिळाली. तोवर तुमच्या हातात आहे ते रुजू होताना सही केलेलं 'आयटी धोरण'. सही करण्याआधी वाचणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

आणि तुम्हीच मालक असाल, दहा माणसांचं ऑफिस असेल, तर उलट बाजू बघा. सोडून गेलेल्याचा मेल, टॅलीचं लॉगिन, व्हॉट्सॲप ग्रुप आणि वायफायचा पासवर्ड त्याच दिवशी बंद करायचा, निरोपाच्या केकआधी. 'आयटीमधून बोलतोय, एनीडेस्क (दुरून कॉम्प्युटर चालवायचं ॲप) चालू करा' असा फोन आला तर ठेवून द्यायचा आणि आपल्या नेहमीच्या माणसाला आपण फोन करायचा. पीडीएफमधल्या नावावर काळी पट्टी चढवली म्हणजे नाव गेलं असं नाही; पट्टीखालचा मजकूर अनेकदा सरळ कॉपी होतो. कागद छापून, काळा करून, पुन्हा स्कॅन करणं हा गावठी पण पक्का उपाय.

पायरी ६: कॅमेरे

फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या तपासणी खोलीचं सीसीटीव्ही चित्रण यूट्यूब आणि टेलिग्रामवर फिरताना सापडलं. घरी, दुकानात, सोसायटीत सीसीटीव्ही बसवलाय त्यांनी आजच रेकॉर्डरचा पासवर्ड तपासावा. बसवून जाणारा माणूस बहुतेकदा कारखान्यातून आलेला 'ॲडमिन'च ठेवून जातो, आणि ते पासवर्ड सगळ्या जगाला माहीत आहेत. कॅमेरा बेडरूमच्या आत बसवूच नये, बाळासाठीसुद्धा.

लॉज किंवा भाड्याच्या खोलीत शिरल्यावर दिवे मालवा, फोनचा टॉर्च डोळ्याच्या उंचीवर धरून हळूहळू फिरवा. भिंग असेल तर बारीक निळसर चमक परत येते. पलंगाकडे आणि बाथरूमकडे तोंड करून असलेला चार्जर, धुराचा सेन्सर, घड्याळ आधी बघा. आरसा पलीकडून आरपार दिसणारा आहे का हे ओळखायला त्याला नख लावून बघायची युक्ती भरवशाची नाही.

पायरी ७: टॅपिंग आणि पेगॅसस

सरकारी टॅपिंग टेलिफोन कंपनीच्या यंत्रणेत होतं. तुमच्या फोनमध्ये आवाज येत नाही, बॅटरी उतरत नाही, आणि ते दाखवणारं कुठलंही ॲप खरं नाही. त्याला गृहसचिवांच्या पातळीवरचा आदेश लागतो, तो ६० दिवस चालतो, वाढवून १८० दिवसांपर्यंत. यामागे पीयूसीएल (पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज) या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा निकाल आहे. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विनीत कुमार खटल्यात असे टॅपिंगचे आदेश बेकायदा ठरवून रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं. म्हणजे हे लढता येतं, पण कोर्टात.

पेगॅसससारखं स्पायवेअर फार महाग असतं आणि निवडक लोकांवर वापरलं जातं: पत्रकार, वकील, कार्यकर्ते, राजकारणी. ऑक्टोबर २०२३ मध्ये ॲपलने भारतातल्या काही विरोधी खासदारांना आणि पत्रकारांना सावधगिरीचे संदेश पाठवले होते. तुम्ही त्या यादीत बसणारे असाल तर आयफोनचा 'लॉकडाउन मोड' (काही सोयी बंद करून हल्ल्याच्या वाटा कमी करणारी सेटिंग) चालू करा, अपडेट आलं त्या दिवशी घ्या, फोन रोज एकदा बंद करून चालू करा. संशय असेल तर फोन तज्ज्ञाकडून तपासा. ॲम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेच्या सिक्युरिटी लॅबचं तपासणी साधन २०२१ पासून सर्वांना खुलं आहे. संवेदनशील भेटीला फोन न नेणं या सगळ्यावर भारी पडतं. बहिर्जी नाईकांकडेही फोन नव्हता.

पायरी ८: खरंच काही सापडलं तर

फोन फॉरमॅट करायची घाई करू नका, पुरावा त्यातच आहे. दुसऱ्या फोनने पहिल्याच्या स्क्रीनचे फोटो काढा, ॲपचं नाव, परवानग्या आणि तारीख दिसेल असे. कधी काय लक्षात आलं, फोन कुणाकुणाच्या हाती होता, ते वहीत लिहा. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या सायबर पोलीस ठाण्यात तक्रार. पैसे गेले असतील तर आधी १९३० ला फोन, त्याच तासात.

तक्रार लिहिताना कलमं माहीत असलेली बरी. बाईच्या इंटरनेट किंवा मेलच्या वापरावर नजर ठेवणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पाठलागातच येतं. चोरून चित्रण कलम ७७ मध्ये. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-ई कुणाच्याही खासगी अंगाच्या चित्रणाला लागू होतं, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'नवऱ्यानेच केलंय ना, मग घरात मिटवा' असं काउंटरवर ऐकायला मिळालं तर लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घेऊनच बाहेर पडा. त्या प्रतीचा झेरॉक्स मात्र पोलीस ठाण्यासमोरच्या दुकानात काढायचा झाला, तर व्हॉट्सॲप न जोडता काढा.